अण्णांच्या फोटोतले डोळे

माझे वडील वारल्याचं कल्याणच्या आमच्या आळीत जाहीर झालं, तेव्हा ते ओटीवर खुर्चीत बसून चहा मागत होते.

कारण फोटो. मांडीचं हाड मोडल्यापासून अण्णांनी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. ठाण्याच्या पेन्शन कचेरीने कळवलं, स्वतः हजर होता येत नसेल तर ओळखीसाठी फोटो द्या. नाहीतर पेन्शन बंद. आमचं घर त्या पेन्शनवर चालत होतं. (मी नोकरी शोधत होतो. फार सावकाश.)

मी सदूभाऊ फोटोग्राफरना घरी बोलावलं. त्या काळी जिवंत माणूस फोटोसाठी दुकानात जाई. फोटोग्राफर घरी येई तो मेलेल्यासाठी. हे आळीत सगळ्यांना माहीत होतं, माझ्याखेरीज! सदूभाऊंचा कॅमेरा दारात उतरला आणि शेजारच्या यमूताई तुळशीपत्र घेऊन धावत आल्या. मागून आलेल्यांपैकी एकाने हलक्या आवाजात बांबूंची चौकशी केली.

सदूभाऊंचे हातही सवयीने चालू लागले. त्यांनी अण्णांना उपरण्याने खुर्चीला बांधलं, दोन बोटांनी हनुवटी वर केली आणि गळ्यात हार घातला.

"हार कशाला?" अण्णांनी विचारलं.

सदूभाऊ मागे सरले. "अहो, बोलताय काय! आजवर कुणी बोललं नाही!"

"मग चहा तरी द्या रे."

यमूताईंच्या हातातून तुळशीपत्र गळलं.

हार काढून फोटो घेतला. अण्णांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून मी समोर पांढरी चादर धरून उभा होतो. सदूभाऊ काळ्या कापडात शिरले. "हलू नका," आतून आवाज आला. अण्णा असे निश्चल झाले, की ते श्वास घेताहेत की नाही हे मलाही कळेना.

फोटो आला. आईने एकदाच पाहिला आणि पालथा ठेवला. चेहरा अण्णांचा होता. पण खोलीत कुठेही उभं राहा, डोळे मागे येत. आणि ते डोळे अण्णांचे नव्हते.

मी दुकान गाठलं.

"त्यांनी ऐनवेळी मिटले," सदूभाऊ शांतपणे म्हणाले. "आमच्याकडे सगळ्यांचे मिटलेलेच असतात. आम्ही फोटोवर ब्रशने उघडे डोळे काढतो. घरातल्याच कुणाचे बघून काढले, की ओळखू येत नाही. तुम्ही समोरच होतात."

ठाण्याच्या कारकुनाला ओळखू आलं. त्याने फोटो माझ्या तोंडाशेजारी धरला.

"पांढऱ्या मिशा लावून बसलात होय? वडील कधी गेले?"

"घरी आहेत हो!"

"असं सगळेच म्हणतात."

शेवटी तिथले साहेब खुद्द घरी आले. जिवंत असल्याचा पुरावा म्हणून अण्णांनी त्यांना पेन्शनच्या नियमांवरून असं फैलावर घेतलं, की त्यांनी उभ्याउभ्याच सही केली. निघताना ते फोटोकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिले.

"जपून ठेवा हा. डोळे तुमचे आहेतच. बाकीचं वय करील."

अण्णा पुढे पुष्कळ जगले. मलाही यथावकाश सरकारी नोकरी लागली आणि संपली. परवा माझ्या पेन्शनच्या कागदांत चुकून तोच फोटो गेला. कारकुनाने फोटो पाहिला, मला पाहिलं आणि निमूटपणे शिक्का मारला!