उपरण्याखालचे आकडे

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून जातो. बायको म्हणते, तुम्हाला चारचौघांत बसता येत नाही. अहो, सगळी नोकरी कॉम्प्युटरवर गेली... काही बिघडलं तर त्याला कारण असतंच, हा माझा हेका. तरीही हे लिहितोय, कारण या एका गोष्टीचं कारण मला आजतागायत सापडलेलं नाही.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. गाव काष्टी, तालुका श्रीगोंदा. माझे वडील, आबा, तिथल्या जनावरांच्या बाजारात दलाल. त्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा पाच, पंजा सोडून पुन्हा एक बोट धरलं की सहा... आणि समोरच्याची मूठ मिटवली की शून्य. मी त्यांच्या जागी बसावं म्हणून हे मला लहानपणीच शिकवलेलं. पण मी मुंबईला एका संस्थेत कॉम्प्युटरवर लागलो. "बटनं दाबाया येवढा शिकला व्हय?" इतकंच म्हणाले, आणि माझ्याशी बोलणंच टाकलं.

बटणं दाबायचो हे खरंच. तेव्हा मशीन सुरू करताना समोरच्या बटणांवरून आकडे भरावे लागत, तेही आठाच्या पद्धतीत. शून्य ते सात एवढेच अंक, सातानंतर थेट १०. आठ आणि नऊ नाहीतच! आज 'सी' शिकणारी पोरं आकड्याआधी शून्य लावतात आणि ०१० म्हणजे आठ होतात ना, तेच हे. एका ओळीत असे सहा अंक. त्या दिवसांत मी असल्याच ओळींचा एक छोटा प्रोग्राम जुळवत होतो, सगळा तोंडपाठ.

तार आली. आबांना अर्धांगाचा झटका. पोचलो तर वाचा गेलेली, उजवा हात तेवढा शाबूत. मनात एकच होतं... जाण्याआधी यांनी एकदा माझ्याशी बोलावं. पण आता कसले बोलतात!

तात्या, म्हणजे माझे चुलते, वैतागले होते. "पडल्यापास्नं ज्येचा त्येचा हात धरून भाव सांगत्यात. आरं, पर ह्यो कसला भाव? कुनालाच उमगंना."

आई म्हणाली, "तू बस जवळ. तुला कळतंय का बघ."

भर दुपार होती. मी उपरण्याखाली हात दिला. शून्य, एक, दोन, सात, शून्य, एक. जरा थांबून पुन्हा सहा अंक. पुन्हा सहा. कुठे आठ नाही, नऊ नाही... मी मनातल्या मनात माझ्या ओळी लावून पाहिल्या. हा माझाच प्रोग्राम होता! घरात त्याचा चिटोरासुद्धा नव्हता. आबांना तर कॉम्प्युटरचा गंधही नाही.

मग ते थांबले, पण हात सोडला नाही. बाजारात याचा अर्थ, आता तू बोल. मी पुढची ओळ दाबली. त्यांनी त्यापुढची. मग मी, मग ते. आबा टक लावून माझ्याकडे बघत होते, चेहरा निवळलेला. मला रडू आवरत नव्हतं आणि चूक होऊ नये म्हणून जीव टांगणीला लागला होता.

"सौदा जमला का रं?" तात्यांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. शेवटची ओळ उरली होती, ती माझ्या पाळीला आली. सहाही शून्यं. ती मशीनला थांबायला सांगते. त्या क्षणी हे डोक्यातच आलं नाही हो... बाप बोलतोय याचाच आनंद झाला होता. मी सहा वेळा त्यांची मूठ मिटवली. ती पुन्हा उघडलीच नाही. आईने हंबरडा फोडला तेव्हा मला समजलं.

माझ्या हातावरून त्यांनी ओळखलं म्हणावं, तर मी गावात येण्याआधीपासून ते हेच दाबत होते. तात्यांना सुरुवातीचे अंक पाठ झाले होते, मी त्यांच्याकडून वदवून घेतले. कुणी योगायोग म्हणतं. म्हणोत बापडे. मला इतकंच कळत नाही... त्या दुपारी मी ती ओळ दाबली नसती, तर आबा अजून किती वेळ माझा हात धरून राहिले असते?