आमच्या केबलवरची भाऊबीज

केबलच्या धंद्यातले किस्से केबलच्या वायरींसारखेच असतात. एक सोडवायला घ्यावी तर चार गुंतून हातात येतात! नव्वदीच्या सुरुवातीला मी आणि माझा मित्र नंदू, आम्ही दोघांनी पनवेलात एसटी स्टँडच्या मागे केबल सुरू केली. दीड खोली, दोन व्हीसीआर आणि एक फोन. सणासुदीला आम्ही जुन्या मालिकांचे सणांचे भाग लावायचो. दिवाळीला दिवाळीचा, होळीला होळीचा. लोकांना भारी आवडायचं. अख्खं गाव फराळाच्या ताटल्या घेऊन टीव्हीपुढे बसायचं आणि आमचे पाय मात्र जमिनीला लागायचे नाहीत. फोन वाजला की मी आधी नंदूकडे बघायचो. अजूनही बघतो.

*

पहिल्याच दिवाळीत मी नंदूला सांगितलं, "आज पाडव्याचा भाग लाव." आणि जरा चहा प्यायला गेलो.

परत येतो तो फोन खणखणतोय. पलीकडे लिमये मास्तर. "अहो, हे काय लावलंय? इथे माझ्या तोंडात चकली, आणि टीव्हीवर सगळे कडुलिंब खातायत!"

पाहतो तर काय, पडद्यावर साग्रसंगीत गुढी उभी! मी नंदूवर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "पाडवा म्हणालास, पाडवा लावला. कुठला ते कुठे बोललास?"

*

गणपतीत तर मार खायचाच बाकी होता. भागाची कॅसेट रिवाइंड करायचं राहून गेलं, त्यामुळे गणेश चतुर्थीच्या सकाळी आमची मालिका थेट विसर्जनापासून सुरू झाली.

नेरे गावचे पाटील लेकीकडे गणपतीला आले होते. ते तडक आमच्या खोलीत. "काय रं पोरांनो, आमचा गणपती आत्ता बसलाय न् तुमी लगेच बुडवलात? अजून आरती पण झाली नाय!"

नंदू घाबरून म्हणाला, "काका, मागे घेतो." आणि त्याने चालू कॅसेटच रिवाइंड केली. मग पाण्यातून गणपती उलटा वर आला, लोक पाठमोरे चालत घरी गेले. पाटील बघतच राहिले. म्हणाले, "हां, आता बरोबर हाय."

*

होळीचा भाग लावला तेव्हा गल्लीतल्या शेवडे काकूंचा फोन. "रंग खेळतायत म्हणता, पण आमच्याकडे सगळे राखेतच लोळतायत!"

"काकू, तुमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट आहे."

"मग तसं सांगा की, आमच्याकडे धुळवड आहे म्हणून!"

*

या सगळ्या फोनांना मी पुरून उरायचो. धाक होता तो एकाच बाईचा, आणि तिने कधी आवाजसुद्धा चढवला नाही. सुमनताई. आमच्याच बिल्डिंगमध्ये वर राहायच्या, बालवाडीत शिकवायच्या. त्यांचा धाकटा भाऊ अरुण नाटकाच्या नादाने वडिलांशी भांडून घर सोडून गेला होता. राहायचा मुंबईत, एसटीने आला असता तर जेवायच्या वेळेला पोचला असता. पण आला नाही. वडील गेले तेव्हाही नाही.

त्याने एका जुन्या मालिकेत एकदाच काम केलं होतं, तेही भाऊबीजेच्या भागात. बहिणीकडे उशिरा येणारा भाऊ. पाटावर बसतो, ओवाळून घेतो, जातो. तेवढंच.

दर भाऊबीजेला तो भाग आम्ही लावायचा आणि ताईंनी टीव्हीसमोर पाट मांडून पडद्यावरच्या अरुणला ओवाळायचं, असा नेम पडला होता. मी एकदा म्हटलं, "ताई, भाऊ नसला तर चंद्राला ओवाळतात."

"चंद्र सगळ्यांचाच भाऊ रे," त्या म्हणाल्या. "हा माझा एकटीचा आहे."

आता सांगा, अशा बाईची कॅसेट सांभाळायची म्हणजे काय! एकुलती एक प्रत, वर्षागणिक पुसट होत चाललेली. एकदा नंदूने तिच्यावर क्रिकेटची मॅच रेकॉर्ड करायला घेतली होती. मी वेळीच कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची पट्टी तोडून ठेवली होती, ती नसली की रेकॉर्डिंग होत नाही, म्हणून व्हीसीआरने नकार दिला. नंदू म्हणाला, "मशीनला अक्कल आहे!" मी म्हणालो, "कुणाला तरी हवीच."

*

आणि मग ती भाऊबीज. संध्याकाळी ऐन भागाच्या वेळी व्हीसीआरने कॅसेट चावली! फीत सगळी बाहेर. नंदूने ती पेन्सिलीने गुंडाळली, फाटली तिथे चिकटपट्टी लावली. मी वर धावलो. ताई निरांजन लावून ताट हातात घेऊन उभ्या.

"लागेल ना रे?"

"लागेल ताई," म्हणालो आणि उगाच टीव्हीमागची पिन हलवत बसलो. निरांजनातलं तूप संपत आलं होतं.

एकदाचं चित्र आलं. मुंग्या, रेघा, आणि त्यांतून अरुण, पाटावर बसलेला. ताईंनी ताट उचललं.

तेवढ्यात दार वाजलं. मी उघडलं. बाहेर हातात पिशवी घेतलेला एक माणूस. पोट सुटलेलं, केस विरळ, पण चेहरा मी दर वर्षी पाहिलेला. मी दारातून बाजूला झालो.

"ताई," तो म्हणाला.

ताई वळल्या. त्याच्याकडे बघितलं. मग टीव्हीकडे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ताट काही खाली आलं नाही.

"चपला काढ आणि बस तिथे," त्या म्हणाल्या. "हा दर वर्षी येतो. आधी याला, मग तुला!"