बायकोच्या उत्तराला उलटा अंगठा

मी माझ्या वारलेल्या बायकोच्या उत्तराला उलटा अंगठा दिला. हो, दिला. आमच्या वाडीवाल्यांचं मोबाईलवर प्रश्नोत्तरांचं एक पान आहे, तिथं त्यावरून आठवडाभर बोलणं झालं. म्हणून माझं म्हणणं एकदा लिहून टाकतो. मी चौथी शिकलोय, शुद्धलेखन तुमचं तुम्ही सांभाळा.

त्या पानावर कुणी झाडाचं विचारतो, बाकीचे उत्तरं देतात. उत्तर पटलं तर सरळ अंगठा, चुकीचं वाटलं तर उलटा. ज्याला सरळ अंगठे जास्त ते उत्तर वर चढतं, आणि अडलेला माणूस वरचं तेवढंच वाचून कामाला लागतो.

मला हे तिनंच शिकवलं. बोईसरच्या कारखान्यातून सुटून मी शिरगावच्या वाडीत बसलो तेव्हा. चिकूच्या फळगळीवर मी पहिलं उत्तर लिहिलं, पाणी भरपूर सोडा. संध्याकाळी बघतो तर उलटा अंगठा, आणि तो हिचा. चुलीपुढं बसून दिलेला. खाली कारणही लिहिलेलं. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. ती म्हणाली, "अवो, अंगठा उत्तराला दिलाय, नवऱ्याला नाय. त्याच्या झाडाची मुळं कुजली तर तुमी जाणार हाय का बघायला?"

घरच्याला घरचा म्हणून सरळ अंगठा द्यायचा नाही, आणि उलटा दिला तर कारण सांगायचं, हे तिचे दोन नियम. मला तिचा सरळ अंगठा सगळा मिळून तीनदा मिळाला. तिन्ही मला पाठ आहेत.

तिचंही एकदा चुकलं. नव्या माडांच्या आळ्यात ओंजळभर मीठ घाला, असं तिनं एकाला लिहिलं होतं. तिच्या माहेरी मोठ्या माडांना घालायचे, आणि तिथल्या विहिरी गोड्या. मग तिनं आमच्याच पाच रोपांना घातलं. आमचं पाणी उन्हाळ्यात मचूळ, खारट होतं. तीन रोपं करपली. त्यांच्या करपलेल्या झावळ्या हातात घेऊन ती म्हणाली, "माझं चुकलं. उद्या लिहिते तिथं." दुसऱ्या दिवशी तिला पालघरला दवाखान्यात न्यावं लागलं. ती परत आली नाही. तिचा फोन तिच्याच बोटानं उघडायचा, म्हणून ते उत्तर मला खोडता आलं नाही.

ती गेल्याचं कुणीतरी पानावर टाकलं. लोकांना वाईट वाटलं, मनापासून वाटलं, मी नाही म्हणत नाही. पण त्यांनी केलं काय, तर तिचं एकेक जुनं उत्तर शोधून अंगठे दिले. मिठाचं उत्तर न वाचताच सगळ्यात वर नेऊन बसवलं. मी खाली लिहिलं की हे चूक आहे. त्यावर जोडलेले हात आले, काका धीर धरा म्हणून.

मग उमरोळीच्या एका बाईनं लिहिलं की तिची विहीर मचूळ आहे, दहा रोपं लावलीत, आणि वरचं उत्तर वाचून रविवारी मीठ घालणार आहे. त्या दिवशी मी उलटा अंगठा दिला, कारण लिहिलं, आणि ज्यांनी ज्यांनी सरळ दिलेत त्यांनी आपापले काढून घ्या असं सगळ्यांना सांगितलं.

पान सांभाळणारे निवृत्त मास्तर आहेत. त्यांचा फोन आला. म्हणाले, काका, गेलेल्या माणसाला उलटा अंगठा देत नाहीत, बरं दिसत नाही, लोकांनी श्रद्धेनं अंगठे दिलेत. मी म्हटलं, फुलं वाहायची तर घरी या, फोटो लावलाय. मी बॉयलरवर तीस वर्षं काढली. पाळी सुटताना काय बिघडलंय ते पुढच्याला सांगून जायचं. दोस्ताची चूक म्हणून झाकली तर पुढचा भाजतो.

"पण काका, तुमचीच बायको हो."

"म्हणून तर. तिला खोटं खोटं वर बसवलेलं आवडलं नसतं. अंगठा उत्तराला दिलाय, बायकोला नाय."

मी फोन ठेवला. त्यांना सोपं वाटलं असेल. मला ते सोपं नव्हतं.

कुणी मला दगड म्हटलं, कुणी म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हटलं. पण अंगठे निघायला लागले. पहिला मास्तरांचा निघाला. शनिवारपर्यंत ते उत्तर तळाला गेलं. रविवारी सकाळी उमरोळीच्या बाईनं लिहिलं, मिठाची पिशवी परत स्वयंपाकघरात ठेवली, काका. आणि माझ्या कारणाला तिनं सरळ अंगठा दिला.

तो अंगठा मी माझा धरत नाही. करपलेली झावळी हातात धरून ते आधी ती बोलली होती. मी फक्त ते तिच्या उत्तराखाली लिहिलं, तिच्या वतीनं. माझा उलटा अंगठा तिथं अजून आहे. कुणी कितीही सांगा, काढणार नाही.