धुऱ्याकडची जागा

देवकाबाई नागपूरच्या दवाखान्यातून छातीची गाठ कापून आली, त्याला नऊ महिने झाले होते. डाव्या बाजूला चोळी सपाट. गाव तिरोड्याजवळचं, साल दुसऱ्या महायुद्धाचं दुसरं. पण गावाला लढाईपेक्षा त्या गाठीत जास्त गोडी. कोणी लिंबाएवढी सांगे, कोणी नारळाएवढी. पाहिली एकानंही नव्हती.

उन्हाळ्यात तर कहर झाला. तिच्या मागच्या भिंतीवर शेणाचे पंजे उमटू लागले, रोज बोटभर वर. बाईला बाहेरचं लागलं, असं शेजारणींनी ठरवून टाकलं. शेवटी सुलोचनानं धीर करून विचारलं, "काकी, भिंतीवर कोण चढून राहिलं वो?"

"तुहा सासरा! अवो, नर्सबाईनं सांगतलं, आखडलेला हात रोज भिंतीवर थोडा थोडा वर ने. रिकामा कायले नेऊ? भिंत तरी सारवून होते."

रोवणी आली तोवर हात कानापर्यंत पोचला होता.

धान रोवताना धुऱ्याकडची, म्हणजे बांधाकडची बाई म्हणेल तसं. ती वाकली की सगळ्या वाकणार. तिनं कंबर सरळ केल्याशिवाय कोणी करणार नाही. वीस वर्षं ती जागा देवकाबाईची. यंदा मालगुजार केवळरामनं तिथं सुलोचनाला उभी केली.

"देवका, तू धुऱ्यावर बस. बायांना रोपांच्या पेंढ्या फेकून दे."

"धुऱ्यावर बसाले बगळे हायत ना, मालक! ही एक बांधी माह्या हातानं होऊ द्या. मधात उठली, तं मग जन्मभर बसवा."

आणि पदर खोचून ती खाचराच्या चिखलात उतरलीसुद्धा. सुलोचना बाजूला सरकली. पलीकडे चिखलणी करणारा देवकाबाईचा नवरा उदाराम उगाच बैलांवर ओरडू लागला.

अर्धी बांधी झाली आणि पेंढी धरलेला डावा हात जड झाला. बोटं बधिर. पेंढी एकदा पडली, दुसऱ्यांदा पडली.

"काकी, उठ ना जराशी," सुलोचना कुजबुजली. "मालक तिकडं पाहून राहिले. कोणाले दिसत नाही."

"मले दिसते ना."

वाकल्यावाकल्याच तिनं पदर ओढला, दातात धरून पेंढी कोपराशी बांधली आणि उजव्या हातानं रोवत निघाली. पण चाल मंदावली, आणि तिच्यामागे चौदा बाया तशाच वाकलेल्या.

"गाठ तुही कापली काकी, अन् कमरा आमच्या मोडून राहिल्या!" टोकाकडून एक जण ओरडली.

ओळभर हसू फुटलं.

"हसा, पण खाली पाहून हसा. रोप वाकडं गेलं तं उपटाले लावीन!"

मागं सरकत सरकत टाच धुऱ्याला लागली, तेव्हाच ती उठली. मागोमाग चौदा कंबरा कडकडल्या. हात कोपरापासून सुजून टरारला होता. केवळरामनं ओळींवरून नजर फिरवली, खाकरला, म्हणाला, "बाजूची बांधी कोण धरते?"

सुलोचना मधल्या जागी जाऊन उभी राहिली.

"मीच," देवकाबाई म्हणाली. "पण आधी हात उंच ठेवू द्या. सूज उतरते." आसपास उंच असं काहीच नव्हतं. तिनं उदारामला हाक मारून जवळ बोलावलं आणि भर बांधीत, चारचौघांत, सुजलेला हात त्याच्या खांद्यावर टाकला. तो लाजून बैलांकडे पाहत राहिला. बायांनी पदर तोंडाला लावले.

गावाला बोलायला हे आता वर्षभर पुरणार होतं. पण बायांच्या तोंडचे पदर खाली यायच्या आत देवकाबाई दुसऱ्या बांधीत वाकली, आणि त्यांनाही वाकावं लागलं.