अष्टमीची काठी, अवशीचं पाणी

आमच्या झरी गावाला समुद्र न्हाई, दुधना नदी हाय. आन् दुधनेचं पाणी लय शिस्तीचं. वर धरणाचं दार उघडायच्या आधी भोंगा वाजतो, मग गाडी फिरती, "नदीकाठच्या गावकऱ्यांना सूचना देण्यात येते की..." हे सगळं मला तोंडपाठ. आवाज काढायचा मला लहानपणापासून नाद. पूर्णा स्टेशनवर गाड्या सांगणारी बाई, पीटीचे सर, एसटीचा कंडक्टर, सगळे माझ्या गळ्यात राहतात. पण हातखंडा म्हणाल तर धरणाचा भोंगा. पोटातून उचलायचा, नाकात न्यायचा आन् शेवटी हळूहळू मरू द्यायचा. एकदा घाटावर काढला तर बाया धुणं सोडून वर पळाल्या. दादानं तिथंच कानाखाली वाजवली होती.

तोच दादा आता कोकणात झेडपीच्या शाळेवर मास्तर हाय. आमच्याकडचे लय पोरं तिकडं मास्तर हायत. शाळेच्या पायरीवरून समुद्र दिसतो. दिवाळी झाल्यावर मी आन् अण्णा त्याच्याकडं राहायला गेलो. अण्णा म्हंजे आमचे वडील. गुडघा गेलाय, पण गळ टाकायला बसले तर दुधनेतला मासा त्यांना वळखतो.

गेलो त्या दिवशी वद्य अष्टमी होती. शाळेसमोर, किनाऱ्यापासून जरा आत, समुद्रात एक काळा खडक हाय. मधी वाळूची सखल पट्टी. संध्याकाळी आमी त्या खडकावर बसलो. पाणी चढलं, पण कसं, तर सासरी आलेल्या नव्या जावयासारखं, लाजत लाजत. खडकाच्या निम्म्यावर आलं आन् थांबलं. अण्णांनी जिथवर पाणी आलं तिथं एका फटीत काठी ठोकली.

"झाली खूण," म्हणले. "हेच्या वर येत न्हाई."

पाणी उतरल्यावर परत आलो, तवा वाळूच्या पट्टीत नुसत्या पोटऱ्या भिजल्या.

आमच्याकडं अशीच रीत हाय. पूर आला की मारुतीच्या पायरीवर चुन्यानं रेघ मारायची. एकदा रेघ मारली की गाव पुढचे कितीतरी पावसाळे तिच्या भरवशावर झोपतं.

आठवड्यानं अवस आली. आदल्या दिवशी दादाच्या शेजारचे काका अंगणात जाळं विणत बसले होते. त्यांची सोताची होडी हाय. मला म्हणले, "उद्या अवस. उधाणाचं पाणी. मासा पाण्याबरोबर कडेला येईल बघ. पहाटे जा, पण नऊच्या आत परत या."

मी लगेच त्यांच्याच आवाजात अण्णांना म्हणून दाखवलं, "नऊच्या आत परत याऽऽ." अण्णा लय हसले. "आपल्याला घड्याळ कशाला? काठी हाय की."

रात्री माईचा, म्हंजे आमच्या आईचा, झरीहून फोन. "उद्या अवस हाय, घराबाहेर पडू नका."

"अवशीला नवी गाडी घेत न्हाईत," अण्णा म्हणले. "मासे धरायला कुणाची बंदी हाय?"

पहाटे गेलो तर समुद्रच न्हाई! इतका लांब गेलेला की नुसतं नांगरून ठेवलेलं रान दिसायलंय. चपला हातात न घेता खडकापर्यंत चालत गेलो. मोबाईल घरीच ठेवले, खारं पाणी लागंल म्हणून. अण्णांची काठी वर सुक्या फटीत उभी. तिच्याकडं बघून मी सलाम ठोकला.

पहिल्यांदा काहीच लागंना. मग पाणी परतलं आन् मासे सुरू झाले. दोन तांबोश्या, लाल, वीतभर. अण्णांच्या तोंडावर असं हसू मी गुडघा गेल्यापासून बघितलं नव्हतं. मी कशाला म्हणू, चला म्हणून? आमी दोघंबी समोर बघायलो होतो. नदीवाल्या माणसाला पाणी कुठून येतं ते म्हाईत असतं. वरून येतं, समोरून येतं. मागं कोण बघतो?

मी बघितलं ते पायाला खाज आली म्हणून. मागं वाळू नव्हती.

पट्टी पाण्यानं भरली होती आन् ते पाणी पळायलं होतं, आडवं, कालव्यासारखं. 

"अण्णा."

अण्णांनी वळून बघितलं. मग काठीकडं. "फिकीर करू नको. अजून हातभर हाय. तिथं थांबतं."

मग आमी दोघं त्या काठीकडं बघत बसलो. गळ तसाच पाण्यात. लाट यायची, काठीला चाटायची, मागं जायची. मला वाटायचं थांबली. मग दुसरी यायची, थोडी वरून. काठी निम्मी गेली. मग नुसता शेंडा. मग एक लाट गेली आन् शेंडाबी दिसंना. अण्णांची बोटं माझ्या दंडात रुतली. तवा मला खरं भ्या वाटलं. आजपर्यंत मी घाबरलो की अण्णांकडं बघायचो. आता अण्णा माझ्याकडं बघायले होते.

"तू जा," म्हणले. "मला गुडघ्यानं जमत न्हाई."

"मला पोहायला कुठं येतं?"

"मग उगं बस. हालू नको."

आमी सरकत सरकत टोकावर आलो. मासे ठेवलेली पिशवी वाहून गेली. लाट फुटली की कमरेपर्यंत ओढ बसायची. किनाऱ्यावर माणसं होती, बारकी, पाठमोरी. मी वरडलो, "वाचवाऽ!" पण खरं सांगतो, तोंडातून नुसती हवा आली. जगाचे आवाज काढणारा मी, आन् माझा सोताचा आवाजच सापडंना. परत तोंड उघडलं. आन् जे बाहेर आलं ते म्हंजे धरणाचा भोंगा.

मी ठरवून काढला न्हाई. तो आपोआपच आला. पोटातून उठला, नाकात गेला, पण शेवटी मरंना. एक संपला की दुसरा. किनाऱ्यावरच्या माणसांनी वळून बघितलं, एकानं हात हालवला. त्यांना वाटलं पोरगं चाळे करायलंय. त्यांना काय म्हाईत हा आवाज कशाचा! त्या आख्ख्या किनाऱ्यावर तो आवाज कळणारा एकच माणूस होता आन् तो शाळेत हजेरी घ्यायला होता.

दादा धावत सुटलेला मला लांबून दिसला. पायात एकच चप्पल. मागं शेजारचे काका, मग होडी. पण होडी सरळ येईना, ओढ तिला बाजूला न्यायची. काका वल्हं मारायचे, शिव्या द्यायचे, परत मारायचे. तवर पाणी अण्णांच्या छातीला लागलं होतं आन् मी त्यांना मागून कवळून भोंगा वाजवायलो होतो.

होडीत वढून घेतल्यावर दादानं हात उचलला. मला वाटलं, आता कानाखाली. त्यानं नुसतं माझं तोंड दाबून धरलं. कारण मी अजून वाजवतच होतो.

घरी चहा देताना काकांनी अण्णांना एवढंच विचारलं, "खूण कधी केलीत?"

"अष्टमीला."

"ते भांगाचं पाणी हो. अष्टमीला दर्या मेलेला असतो, ना नीट भरत, ना नीट सुकत. अवस-पुनवेला जेवढा लांब जातो तेवढाच आत येतो."

अण्णांनी मान हालवली. चहा न पिताच कप खाली ठेवला.

आता झरीला आलोय. अण्णा अजून दुधनेवर गळ घेऊन जातात, मी सोबत जातो. पण अवस आली की आदल्या दिवशीच म्हणतात, "उद्या नको." माई हसती. "आवं, दुधनेला कुठलं उधाण?"

अण्णा दादाला फोन लावतात, तिकडं पाणी कुठवर आलंय विचारतात, आन् तो घरात हाय म्हणल्यावरच जेवतात. नदीवर बसलो तरी आता ते नुसतं समोर बघत न्हाईत. गळ समोर सोडतात आन् दर थोड्या वेळानं मान वळवून मागं बघतात. मागं नुसती कापसाची पऱ्हाटी उभी असती, कोरडी ठाक.

पोरं म्हणतात, भोंगा काढ की रे. मी कंडक्टर काढतो.