गोळ्याले गोळी

तुमच्या घरात अंगदुखीच्या गोळ्या कुठे ठेवलेल्या असतात?

आठवायला फार वेळ लागला नसेल. आमच्याकडे त्या चहापत्तीच्या डब्यात असायच्या. चहापत्तीसोबत किराणा दुकानातूनच यायच्या, म्हणून डबाही एकच. निंदणाहून परतलेल्या बाया दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून "चहापत्ती, साखर अन् अंगदुखीची" असं एका दमात सांगायच्या. दुकानदार कात्रीने पट्टी कापून द्यायचा. कापलेल्या तुकड्यावर औषधाचं अर्धंच नाव उरायचं. उरलेल्या अर्ध्याची कुणाला गरजही नव्हती. गुलाबी म्हटलं की झालं.

माझं गाव जळगाव जामोदच्या बाजूचं, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं. मला किडनीचा आजार आहे. डायलिसिसपर्यंत गोष्ट गेलेली नाही. ती जाऊ नये म्हणून पथ्य, औषधं आणि खामगावच्या फेऱ्या चालू आहेत. या आजारात तोंडावर सूज येते, थकवा येतो, हे लोकांना कुठून तरी ऐकून ठाऊक असतं. रात्री पायात येणाऱ्या गोळ्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. झोपेत पोटरीचं मांस दगडासारखं घट्ट होतं, पायाची बोटं आपोआप खाली वळतात, आणि ओरडावं म्हटलं तर आधी श्वासच सापडत नाही. गोळा सुटल्यावरही पोटरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुखत राहते.

माझ्या खाटेच्या बाजूला खाली आई झोपते. तिला हाक मारावी लागत नाही. खाट करकरली की ती उठते, माझा गुडघा सरळ करते, तळपायाला आपला तळहात लावते आणि पायाची बोटं माझ्या तोंडाकडे हळूहळू रेटते.

"आला का नवरदेव?" ती म्हणायची. "लगन नाई म्हंते तं हा असा येते रोज राती. ना मुंडावळ्या, ना वाजंत्री."

"आई, दुखते ना."

"दुखतेच. आंग ढिलं सोड. त्याले जितकं धरशीन तितका तो बसते."

मग ती मला उठवून भिंतीला हात लावून उभी करायची. थंड फरशीवर टाच पूर्ण टेकवून, गुडघा न वाकवता, पुढे झुकून उभं राहायचं. गोळा सुटला की गरम पाण्याची बाटली जुन्या ओढणीत गुंडाळून पोटरीखाली. हे सगळं खामगावच्या डॉक्टरांनी मला नंतर शिकवलं. आईला ते आधीच येत होतं. कापूस वेचणाऱ्या, दिवसभर वाकून निंदणाऱ्या बायांचे पाय रात्री असेच वळतात. आमच्या गल्लीत त्यावर एक म्हणच होती, गोळ्याले गोळी. पोटरीत गोळा आला की गुलाबी गोळी खायची.

कॉलेजात असताना सुट्ट्यांमध्ये मी आईसोबत कापसाला जायचे. तेव्हाच पाय वळायला सुरुवात झाली. आईने पहिल्या रात्री चहाचा डबा काढला. त्यानंतर पाय दुखला की, डोकं दुखलं की, पाळीत कंबर दुखली की तोच डबा. तिच्याजवळ द्यायला दुसरं काय होतं? गावात डॉक्टर नाही. उपकेंद्रात एकदा मी "गोळा येतो" म्हणाले, तर तिथल्या बाईंनी पोट दाबून पाहिलं आणि गॅसची गोळी दिली. गोळा पोटरीतला की पोटातला, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आम्ही आयुष्यभर गोळाच म्हणत आलो होतो. त्याला पत्ता द्यावा लागतो हे कुणाला माहीत होतं?

आता थोडं आमच्या घराच्या एका रिवाजाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

माझे बाबा खामगावला एका छापखान्यात कामाला होते. चुकीचे छापलेले, शाई पसरलेले कागद ते घरी आणायचे. माझ्या शाळेच्या पुस्तकांना त्यांचीच कव्हरं असायची. 'जाहीर', 'निषेध', 'बंधू-भगिनींनो' हे शब्द मी धड्यातल्या कवितांच्या आधी वाचायला शिकले. गावाच्या प्रश्नांवरची पत्रकं बाबा स्वतः लिहायचे. स्मशानाचा रस्ता, टाकीचं पाणी, बाईला गड्याइतकी मजुरी. त्यांचा नियम एकच होता. कोणतंही पत्रक छापायला जाण्याआधी आईला वाचून दाखवायचं. आईला वाचता येत नाही. ती ओट्यावर सुपात काहीतरी पाखडत बसायची आणि ऐकायची. शेवटी म्हणायची, "समजलं. छापा." हे दोन शब्द आल्याशिवाय आमच्या घरातून कागद बाहेर गेला नाही.

एकदा बाबांनी लिहिलं होतं, 'प्रशासन उदासीन आहे.' आई म्हणाली, "उदास हाये? मंग बरं हाये की. लाज तरी वाटून राह्यली म्हना त्याहिले." बाबा पोट धरून हसले. त्यांनी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'ते आपलं ऐकूनच घेत नाहीत.'

बाबा गेल्यावर पत्रकं मी लिहू लागले. आजार कळला तेव्हा मी पहिलं पत्रक पाण्यावर काढलं. खारं पाणी पिऊन माणसं आजारी पडतात आणि निवडणुकीत टँकरची आश्वासनं मिळतात, असं कडक लिहिलं. त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. लिहिताना हातही अडखळला नाही. आईने ऐकलं आणि मोठ्याने म्हणाली, "समजलं! छाप!"

पण खामगावच्या डॉक्टरांनी मला पाण्यासोबत आणखी एक गोष्ट विचारली होती. त्या दिवशी मी एकटीच गेले होते.

"दुखण्याच्या गोळ्या घेता?"

"कधीमधी."

"कधीमधी म्हणजे?"

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "कशामुळे झालं ते एका गोष्टीवर बोट ठेवून सांगता येणार नाही. पण या गोळ्या वरचेवर घेतल्या तर किडनीला इजा होते. आता एकही नको. पाय वळले तर मला सांगायचं, दुकानदाराला नाही."

घरी येऊन मी आईला म्हणाले, "पायासाठी डॉक्टरांनी दुसरं दिलं. आता ती गुलाबी नको." तिने मान हलवली. तिला वाटलं, शहरातली गोळी जास्त चांगली असेल.

गोष्ट तिथेच थांबली असती तर मी गप्प राहिले असते, कदाचित कायमची. पण आई स्वतः ती गोळी खात होती. तिचे गुडघे गेलेत. कामाला जायच्या दिवशी सकाळी चहाबरोबर एक, परतल्यावर एक. मी डब्यातली पट्टी उचलून फेकली. तिने दुसरी आणली.

"आई, ती नको खाऊ."

"काऊन? माहे गुडघे काय तू चालवशीन?"

"चांगली नसते ती."

"काऊन नसते?"

"असंच."

"असंच?" आई हसली. "असंच म्हणून तुह्या बापानं कधी एक ओळ छापली नाई, अन् तू मले असंच सांगून राह्यली."

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. तिथे, चुलीपुढे, आम्ही दोघीच असताना. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याचा पुढचा भाग तिने स्वतःच जोडला असता: मंग तुले म्या काय खाऊ घातलं? तो प्रश्न ऐकायची माझी तयारी नव्हती. भर सभेत तहसीलदाराला उभं करून प्रश्न विचारणारी मी, चार महिने चहाच्या डब्याला घाबरत होते. शेवटी मी तेच केलं जे मला येतं. पत्रक लिहिलं. एका बाईला सांगायची गोष्ट मी गावाला सांगायला निघाले.

पत्रक चांगलं झालं होतं. पाय वळला तर गुडघा सरळ ठेवा, बोटं आपल्याकडे ओढा. दवाखान्यात नुसतं गोळा म्हणू नका, पोटरीवर हात ठेवून दाखवा. किडनीचा आजार असेल तर कुणी सांगितलं म्हणून नारळपाणी किंवा मीठ-लिंबू पिऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. आणि मधोमध जाड अक्षरात गोळ्यांचा परिच्छेद.

दुपारी आई ओट्यावर तूर पाखडत होती. मी वाचायला बसले आणि तो परिच्छेद गाळून पुढे गेले.

सूप थांबलं. "इथं काहीतरी गिळलं तुनं."

"काही नाही."

"मले वाचता येत नाई, आयकू येते. गोळा आला तं काय करा ते सांगतलं. काय नोका करू, ते काऊन नाई? तुहा बाप दोन्ही सांगे."

मग मी वाचलं. 'अंगदुखीची गोळी डॉक्टरांना न विचारता वरचेवर खाऊ नका. ती किडनी खराब करू शकते. दुकानात सहज मिळते म्हणून ती निरुपद्रवी नाही.' आवाज सभेत असतो तसा ठेवला होता. दुसरा कोणता आवाज लावायचा हे मला येत नव्हतं.

"निरुपद्रवी म्हंजे?"

"ज्यानं काही वाईट होत नाही असं."

"परत वाच."

परत वाचलं. ती उठली, गुडघ्यावर हात देऊन आत गेली आणि चहाचा डबा घेऊन आली. झाकण काढून पट्टी माझ्यापुढे धरली.

"हे?"

"हाव."

"तुले म्या हेच देल्या."

मी घाईघाईने बोलू लागले. डॉक्टर म्हणाले एकच कारण नसतं, पाणी खारं आहे, उन्हात काम होतं, आपल्याला कुणी सांगितलं का कधी, दोष दुकानदाराचा, दोष सरकारचा. सगळं खरं होतं. आईने हात वर केला.

"ते पान्याचं नोको सांगू. ते मले समजते."

डबा आमच्या दोघींच्या मध्ये ठेवून ती खाली बसली. सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "समजलं."

मी पुढच्या शब्दाची वाट पाहिली. लहानपणापासून हे दोन शब्द मी जोडीनेच ऐकत आले होते. तिने सूप उचललं आणि तूर पाखडायला घेतली. छाप ती म्हणालीच नाही.

मी छापलं. दुसऱ्याच दिवशी जळगाव जामोदला जाऊन पिवळ्या कागदावर काढून आणलं. बसस्टँडवर, दुकानापुढे, पाण्याच्या रांगेत वाटलं. दुकानदार म्हणाला, "ताई, माह्या पोटावर काऊन पाय देऊन राह्यल्या?" त्याला मी काय ते खणखणीत सुनावलं. त्याचं मला वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते नळावरचं. आई भांडं भरत होती. शेजारची काकू पत्रकाची घडी घालत, हसत हसत म्हणाली, "अवं, तुनं तं पोरीले चॉकलेटवानी चारल्या ह्या." काकूच्या मनात काही नव्हतं, ती तशीच बोलते. रांगेतल्या दोघीतिघी हसल्याही.

आई म्हणाली, "हाव. चारल्या." अर्धं भरलेलं भांडं उचलून ती घरी आली.

गल्लीतल्या काही बायांनी गुलाबी गोळी सोडली. आईने त्याच दिवशी सोडली. म्हणजे मला जे हवं होतं ते झालं. पण आता ती कोणतीच गोळी घेत नाही. गुडघ्यांसाठी डॉक्टरांना विचारून मलम आणि औषध आणलं, ते तसंच पडलं आहे. ताप आला तरी पांघरूण घेऊन पडून राहते. "नोको. मले आता गोळीचं नावच नोको," म्हणते. मी समजावते, डॉक्टरांनी दिलेली वेगळी असते. ती ऐकून घेते. समजलं म्हणत नाही.

पत्रकातला मजकूर चूक नव्हता. उद्या पुन्हा लिहायचं झालं तरी मी तोच लिहीन. पण आधी चुलीपुढे बसेन, कागद न घेता. तिचा हात हातात धरून सांगेन, आणि तिचा तो प्रश्न पूर्ण ऐकेन. छापलेला कागद परत घेता येतो, आम्ही एकदा चुकीच्या तारखेची पत्रकं गावभर फिरून गोळा केली होती. तिला ज्या क्रमाने कळलं, तो क्रम मला परत आणता येत नाही.

गोळा अजून येतो. डॉक्टरांनी औषधात बदल केल्यापासून कमी येतो, पण येतो. खाट करकरली की आई अजूनही उठते. नवरदेवाची थट्टा मात्र तिने बंद केली आहे. माझ्या पायाशी बसते, हात पुढे करते आणि मध्येच थांबवते.

"धरू का?" विचारते.

माझ्या आईने मला हात लावण्याआधी कधी विचारलं नव्हतं. मी "धर ना वं" म्हणते, तेव्हाच ती धरते.

म्हणून हे वाचणाऱ्याला एवढं मागते. आज घरी गेल्यावर तो डबा उघडा. त्यातली पट्टी डॉक्टरांकडे न्या आणि ही घेऊ का, किती घेऊ, असं स्पष्ट विचारा. आणि ज्या माणसाने ती पट्टी तुमच्यासाठी आणून ठेवली आहे, त्याला हा कागद वाचून दाखवू नका. घडी घालून खिशात ठेवा, त्याच्याजवळ बसा, आणि तुमच्या तोंडाने सांगा.