मागच्या माणसाचा मिस्त्री

मोटरसायकल दुरुस्तीला नेली की गोमा मिस्त्री आधी गाडीकडे बघतच नसे. तो गाडीच्या मागे बघे. मागे कोणी नसलं तर बसल्या जागेवरून विडी विझवत विचारी, "मागला मानूस कुठं हाय?" माणूस आणला नसेल तर त्याला आणायला परत पाठवी, आणि तोवर पान्याला हात लावत नसे.

मला त्यानं पहिल्याच भेटीत असं परत पाठवलं. मी तेव्हा शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचा गुरांचा डॉक्टर होतो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोनेक वर्षं होती. दोन तालुक्यांत मिळून डॉक्टर एक, पण बुळकांडीची साथ दोन्हीकडे एकदमच येई. बैलगाडीतून फिरून कंबर कामातून गेली, तेव्हा मी बदलून चाललेल्या एका साहेबाची जुनी मोटरसायकल घेतली. मागच्या सीटवर माझा शिपाई झिप्रू आणि त्याच्या मांडीवर लशींची पेटी. मी एकटा असलो की गाडी शहाण्यासारखी चाले. झिप्रू बसला की पुढचं चाक भरकटे, हँडल हातात थरथरे आणि उतारावर ब्रेक लागेनासा होई. झिप्रू दोनदा पडला. तिसऱ्यांदा त्यानं पेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "डाक्तर, मी आपला चालत येतो. बैल मरायच्या आदी पोचलो तं पोचलो."

मुरबाडच्या वेशीवर, कल्याणच्या रस्त्याला कोळशाची वखार होती. तिला लागूनच गोमाची पत्र्याची शेड. तो शहापूरला आग्रा रोडवर लॉऱ्या धुता धुता काम शिकला आणि बायको वारल्यावर लहान मुलीला घेऊन आपल्या गावी परत आला. काळा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. दुसऱ्या दिवशी मी झिप्रूला नेलं. गोमानं त्याला पेटीसकट सीटवर बसवलं, दोन्ही हातांनी त्याचे खांदे खाली दाबले, मग स्वतः मातीत पालथा पडून मागचं टायर किती दबतं ते बघत राहिला.

"टायरचं प्वाट जरासं सुटलं पायजे, पन लोंबता नाय," तो म्हणाला. मग मान वर करून मला म्हणाला, "तुमी गाडी तुमच्यापुरती ठेवलीय, डाक्तर. पुढल्याला खड्डा दिसतो, त्यो बूड उचलतो. मागल्याला काय दिसतं? तुमची पाठ. मंग गाडी कोनाची धरायची?"

तीन तास त्यानं काम केलं आणि झिप्रूला सारखं बसवलं, उतरवलं, बसवलं. मागच्या टायरात हवा वाढवली. पुढच्या स्प्रिंगांच्या बाजूचा लाकडी मुठीचा स्क्रू आवळला. ब्रेकची सळई दोन बोटं आखूड केली. झिप्रूचे पाय आखूड, म्हणून पाय ठेवायचे दांडे वर घेतले. शेवटी मागच्या सीटखालच्या दोन स्प्रिंगांकडे वळला. त्या नट फिरवून कसता येत. नटाच्या खाली किती आटे उघडे राहिले ते तो बोटाच्या नखानं मोजत असे. जड माणसाला जास्त आटे, हलक्याला कमी. झिप्रू पेटीसकट सहा आट्यांचा निघाला. त्यानंतर झिप्रू कधी पडला नाही आणि मी कधी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो नाही.

पुढे पुढे गोमा माणसंच आट्यांत ओळखू लागला. बाजारात कुणी दिसलं की नुसत्या नजरेनं सांगे. आमचे मामलेदार साडेसात. माझी बायको चार. "बाईंना चारच्या वर कसू नका, कंबर धरंल," असं त्यानं मला भर बाजारात बजावलं. बायको आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. गाडीची तपासणी दर पंधरवड्याला, आणि त्यात माझी सुटका नव्हती. मी दौऱ्यावरून धुळीनं माखून, पाठ मोडून येई आणि घरी जाऊन पडावं म्हणे, तेवढ्यात हा शेडमधून हात करी. "दमलाव ते दिसतंय. पन मागला तुमच्याहून दमलाय. त्याला इचारा." झिप्रू लगेच कण्हायला लागे. दोघांनी मिळून माझा बराच छळ केला.

त्याची मुलगी सगुणा मोठी झाली आणि शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पुढच्या एका पाड्यात दिली. लग्न होऊन गेली तेव्हा तीन आट्यांची होती, हेही त्यानंच मला सांगितलं. नंतर युद्ध आलं. पेट्रोल कूपनावर गेलं, टायर मिळेना, ठिगळावर ठिगळ चढलं. मुरबाड-कल्याणच्या मोटारी मागे भट्टी लावून कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. त्या भट्ट्या दुरुस्त करायचं काम गोमावर आलं. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तो त्या धुरात असे. सगळीच माणसं त्या वर्षांत थकलेली दिसत, म्हणून त्याचं वाळणं मला कळायला उशीर झाला. खोकल्यातून रक्त आलं तेव्हा तो आपण होऊन मला म्हणाला, "डाक्तर, गुराला असं झालं तं तुमी काय करता?"

त्याला क्षय होता. त्या काळी त्यावर खात्रीचं औषध नव्हतं. मुंबईचे एक डॉक्टर दर गुरुवारी कल्याणला येत आणि सुईनं फुफ्फुसाच्या बाहेर हवा भरत. त्यानं बिघडलेलं फुफ्फुस दबून राही, त्याला विश्रांती मिळे. पहिल्या खेपेला गोमा मोटारीनं निघाला. गाडीत खोकल्याची उबळ आली, उतारूंनी गलका केला आणि ड्रायव्हरनं त्याला वाटेतल्या गोवेलीला उतरवून दिलं. त्या गाडीची भट्टी त्यानं आदल्याच दिवशी नीट करून दिली होती. तो चालत, बसत, चालत मुरबाडला परत आला. ते ऐकून मला इतका संताप आला की मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी माझ्या मागे बसायचं. सरकारी पेट्रोल गुरांसाठी होतं. ते मी माणसासाठी जाळलं आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

निघताना मी त्याला विचारलं, "मिस्त्री, तुमचे किती?" त्यानं स्वतःच वाकून नट फिरवला. "पाच," म्हणाला, आणि तोंडावर पंचा गुंडाळून मागे बसला. कल्याणला डॉक्टरांनी हवा भरली. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "जल्मभर मी टायरात भरली. आता माज्यात भरतात. पंप मातुर त्यांचा चांगला हाय."

महिन्याभरात त्यानं नट एक आटा सोडला. चार. मी बघितलं, तोही बघत होता. त्यानंतर वाकला की त्याला घेरी येई, म्हणून सीट बांधायचं काम माझ्याकडे आलं. एका गुरुवारी तो शेडच्या दाराशी टेकून उभा होता. छातीची हाडं मोजता येत होती. तो म्हणाला, "अर्धा सोडा, डाक्तर. माजं मलाच कळतंय."

मी खाली बसलो. नटाला पाना लावला आणि नुसताच धरून राहिलो. मग उठून म्हटलं, "सोडायचा कशाला? उलट अर्धा आटा आवळलाय. तुम्ही भरताय, मिस्त्री." हे का बोललो, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. मी थकलो होतो. त्या आठवड्यात साठेक बैल माझ्या डोळ्यांदेखत मेले होते आणि कुणाला तरी एक चांगली बातमी द्यावी असं मला फार वाटत होतं, एवढंच आठवतं.

त्याचा चेहरा असा उजळला की आता खरं सांगायची सोयच राहिली नाही. त्यानं चहावाल्याला सांगितलं, वखारवाल्याला सांगितलं, "अर्धा आटा भरलो." सगुणेला दिवस जाऊन मुलगा झाला होता आणि तो चार महिन्यांचा झाला तरी यानं नातू पाहिला नव्हता. मी म्हटलं, या रविवारी नेऊ का? तर म्हणे, "असा हाडाचा सापळा घेऊन जाऊ? पोरगी रडंल. अजून एक आटा भरू द्या. मंग ऐटीत जाऊ." पुढच्या गुरुवारी पुन्हा चार आट्यांवरच सीट ठेवली आणि पुन्हा म्हटलं की भरताय.

त्या दिवशी गोवेलीच्या अलीकडे त्यानं माझ्या खांद्यावर थापटलं. "थांबवा." मी गाडी आंब्याखाली घेतली. तो हळूहळू उतरला, सीटला धरून गुडघ्यांवर बसला आणि नखानं आटे मोजले. "चार," तो म्हणाला. "चारच हाईत. मागल्या गुरवारी बी मी सुपातल्या दान्यासारका उडत व्हतो. म्हटलं, डाक्तर बोलतो तं खरं आसंल."



"पाना काढा," तो म्हणाला आणि पुन्हा सीटवर बसला. "आता मी बसलोय. तुमी सोडत जावा. मी सांगन तवा थांबा." मी रस्त्यात मांडी घालून नट फिरवू लागलो. एक आटा सोडला. तो नुसता बसून होता. आणखी अर्धा. आणखी अर्धा. मग तो म्हणाला, "बास. आता सीट बसली."

दोन उरले होते. माझे डोळे भरून आले आणि मी मान वर केली नाही.

"डाक्तर, तुमी गुराला खोटं सांगता का?"

"नाही."

"मंग मला कशाला?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "किती दिस हाईत?"

मी म्हटलं, मी गुरांचा डॉक्टर आहे. तो म्हणाला, "म्हनून तं इचारतो." मग मी मला वाटत होतं ते सांगितलं: महिना नाही निघायचा. त्यानं पंच्यानं तोंड पुसलं, कल्याणच्या दिशेला एकदा पाहिलं आणि म्हणाला, "मंग तिकडं हवा भरायला कशाला जाता? फिरवा गाडी. सगुनेकडं चला."

मी गाडी फिरवली. मुरबाड मागे टाकून, नदी उतरून, किन्हवलीच्या पुढे पाड्यावर पोचायला ऊन कलू लागलं. दर मैला-दोन मैलांवर थांबत होतो. सगुणा अंगणात नाचणी पाखडत होती. तिनं आधी बापाला ओळखलंच नाही. तो अंगणाच्या कडेला, वारा घराकडून आपल्याकडे येईल असा बसला आणि पोराला दारातूनच दाखवायला सांगितलं. तिनं पोर दोन्ही हातांवर धरून दारात उभं केलं. तो तासभर बघत राहिला. मी गाडीशी जाऊन उभा राहिलो, कारण तिथं बसायची मला लाज वाटत होती. परत निघताना तो थकून गेला होता, पण वाटेत दोनदा म्हणाला, "नाक माज्यावर गेलंय बगा."

गोमा त्यानंतर अकरा दिवसांनी गेला. घरी, त्याच्या शेडमागच्या खोलीत, दुपारी. निरोप गेला पण सगुणा पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दिवसकार्याला मी गेलो तर ती मला बघून उठली आणि माझ्या पाया पडली. मी मागे सरलो. ती म्हणाली, "डाक्तर, बानं मला त्या दिशी समदं सांगितलं. समद्यांनी त्याला बरा व्हशील, बरा व्हशील म्हनून फसवला. तुमी एकट्यानं आपन होऊन खरं सांगितलं, म्हनून त्यानं माजं पोर बघितलं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझं खोटं झाकायला गोमानं तिला असं सांगितलं, ते मला कळलं होतं. खरं काय ते मी तिला तेव्हा सांगायला हवं होतं. मी नुसतं "हो" म्हटलं आणि बाहेर आलो.